कारखान्याचा गाळ शेतात घेण्याआधी

खताच्या पोत्याचे भाव चढले आणि गोठ्यातली जनावरे कमी झाली की शेतकऱ्याची नजर जवळच्या औद्योगिक वसाहतीकडे वळते. तिथे सतत काही ना काही उरत असते: बॉयलरची राख, सांडपाण्याच्या टाकीतला गाळ, साखर कारखान्याचा प्रेसमड, कसली तरी काळी भुकटी. ‘जमिनीला चांगलं असतं, सेंद्रिय आहे, गाडीभाडंही आम्हीच देतो’ असा निरोप मधल्या माणसाकडून येतो. शेणखताच्या ट्रॉलीला हजारो रुपये मोजावे लागत असताना असा माल फुकट बांधावर येणार असेल, तर नाही म्हणणे सोपे नसते. हा माल सरसकट नाकारावा, असे मला म्हणायचे नाही. त्यातला काही माल खरोखरच उत्तम खत आहे. पण शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक, पारा हे जड धातू त्यात आहेत का आणि किती, याचा निवाडा पीक बघून करता येत नाही. तो गाडी रिकामी होण्याआधी, कागदावर आणि प्रयोगशाळेतच करावा लागतो. शिवाय माल निर्धोक आहे हे दाखवून देण्याची जबाबदारी देणाऱ्याची आहे; तो घातक आहे हे सिद्ध करण्याचे ओझे शेतकऱ्यावर येता कामा नये.

‘कारखान्याचे आहे म्हणजे विषारी’ हा समजही तितकाच चुकीचा आहे. उरलेला माल कशापासून उरला, हा पहिला प्रश्न. प्रेसमड हा उसाच्या रसातून गाळून निघालेला चोथा आहे. गाळलेल्या उसाच्या साधारण तीन-चार टक्के तो निघतो. त्यात सेंद्रिय कर्ब, स्फुरद आणि चुना असतो, आणि धातूंचे प्रमाण सहसा कमी असते. आसवनीच्या स्पेंटवॉशमध्ये खरा धोका क्षारांचा आणि प्रचंड सेंद्रिय भाराचा असतो, जड धातूंचा फारसा नसतो. त्याच स्पेंटवॉशच्या राखेतून मिळणाऱ्या पालाशाला केंद्र सरकारने २०२१मध्ये खत नियंत्रण आदेशात स्थान दिले. अन्नप्रक्रिया, दूध, तेलबिया या उद्योगांचे अवशेषही शेतीतूनच आलेले असतात. याउलट जस्ताचा मुलामा देणे, इलेक्ट्रोप्लेटिंग, बॅटरी, रंगद्रव्ये, चामडे कमावणे, पोलादाच्या भट्टीतली धूळ यांत धातू हाच मुख्य घटक असतो. अनेक कारखान्यांचे सांडपाणी जिथे एकत्र येते त्या सामायिक प्रक्रिया केंद्राच्या गाळात काय आहे, हे रोजच्या रोज बदलते. म्हणूनच तो कायद्याने घातक कचऱ्यात मोडतो. शहराच्या मैलापाण्याच्या गाळाचेही तसेच आहे. निव्वळ घरगुती सांडपाण्याचा असेल तर धोका कमी; पण त्याच गटारात गल्लीबोळांतले प्लेटिंगचे कारखाने सोडलेले असतील, तर त्या गाळाला घरगुती म्हणता येणार नाही. एखादा माल ‘सेंद्रिय’ आहे एवढ्यावरून तर काहीच ठरत नाही, कारण सेंद्रिय पदार्थ कुजतो, त्यातला धातू कुजत नाही. उलट कंपोस्ट होताना कर्ब हवेत जातो, वजन घटते आणि उरलेल्या मालात धातूचे प्रमाण वाढते.

कचऱ्यातून चांगले खत होऊ शकते याचे उत्तम उदाहरण आपल्या कृषी सेवा केंद्रातच मिळते. झिंक सल्फेट बनवणारे अनेक उद्योग कच्चा माल म्हणून जस्ताची राख वापरतात. लोखंडाला जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांत ती उरते आणि तिच्यात जस्ताबरोबर शिसे व कॅडमियमही असते. ही राख थेट शेतात टाकली तर ते दोन्ही धातू शेतात जातात. आम्लात विरघळवून, गाळून, शुद्ध करून स्फटिक केले तर जस्त मिळते आणि बाकीचे मागे राहते. म्हणूनच खत नियंत्रण आदेशाने सप्तजलीय झिंक सल्फेटमध्ये किमान २१ टक्के जस्त मागितले आहे आणि शिशाला ०.००३ टक्के व कॅडमियमला ०.००२५ टक्के अशी कमाल मर्यादा घातली आहे. कचरा आणि खत यांत फरक आहे तो या शुद्धीकरणाचा आणि त्यामागे उभ्या असलेल्या तपासणीचा. तीच राख ‘झिंकयुक्त माती सुधारक’ म्हणून कच्च्या पावतीवर विकली जात असेल, तर तिला खत म्हणता येत नाही.

आता प्रमाणाकडे येऊ, कारण बहुतेक गैरसमज इथेच आहेत. झिंक सल्फेटमधली कॅडमियमची मर्यादा म्हणजे किलोमागे २५ मिलिग्रॅम. शहरी कंपोस्टसाठी हीच मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम आहे. कागदावर कंपोस्ट पाचपट सुरक्षित दिसते. पण झिंक सल्फेट एकरी दहा किलो पडते. त्यातून मर्यादेइतके कॅडमियम गेले तरी ते पाव ग्रॅम भरते. कंपोस्ट एकरी चार टन टाकले आणि ते मर्यादेला टेकलेले असले, तर २० ग्रॅम कॅडमियम जमिनीत जाते, म्हणजे ऐंशीपट. एक एकराचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर सुमारे ९ लाख किलो भरतो. या थरात २० ग्रॅम मिसळले की मातीतले प्रमाण किलोमागे ०.०२ मिलिग्रॅमने वाढते. हे थोडेच वाटते, आणि एका वर्षापुरते ते थोडेच आहे. पण तपासणी न झालेल्या गाळात किलोमागे १०० मिलिग्रॅम कॅडमियम असेल, तर तेच चार टन एका वर्षात ४०० ग्रॅम घालतात. वाढ किलोमागे ०.४४ मिलिग्रॅम होते. तीन वर्षांत ती १.३च्या पुढे जाते. युरोपने १९८६मध्ये सांडपाण्याच्या गाळाबाबत निर्देश काढले, तेव्हा असा गाळ घेणाऱ्या मातीसाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे १ ते ३ मिलिग्रॅम या टप्प्यात ठेवली होती. म्हणजे तीन वर्षांच्या फुकट मालात जमीन त्या टप्प्यात जाऊन बसते.

मग गेलेले परत कसे येणार? गव्हासाठी आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेची कॅडमियमची मर्यादा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आहे. एकरी १५ क्विंटल गहू निघाला आणि त्यात अगदी मर्यादेइतके कॅडमियम असले, तरी सगळ्या पोत्यांबरोबर शेताबाहेर जाणारे कॅडमियम ०.३ ग्रॅम. काड उचलून नेले तर थोडे अधिक. मर्यादेतल्या कंपोस्टने एका वर्षात घातलेले २० ग्रॅम काढायला साठाहून अधिक पिके घ्यावी लागतील. नत्र उडून जाते, पालाश पीक उचलते, कीटकनाशकाचे रेणू काही महिन्यांत किंवा वर्षांत तुटतात. धातूला यांतला कोणताच मार्ग नाही. जमीन नातवंडांच्या हाती देताना तिच्यातला धातूही दिला जातो, म्हणून मर्यादेत असलेला मालसुद्धा दरवर्षी टाकण्याआधी बेरीज करायला हवी.

‘दोन वर्षं टाकतोय, पीक एक नंबर आलं’ हा या विषयातला सर्वांत जोरदार युक्तिवाद आहे, आणि तो प्रामाणिकपणे केला जातो. गाळात नत्र, स्फुरद, जस्त असते. पीक हिरवेगार होणारच. इथे वनस्पतीचे शरीर समजून घ्यावे लागते. जस्त, तांबे, निकेल जास्त झाले तर आधी पिकालाच बाधा होते. पाने पिवळी पडतात, मुळे आखडतात, उत्पादन घटते. माणसाला अपाय होईल इतके धान्यात उतरण्याआधी शेतच खुणावते. शिसे आणि साधे त्रिसंयुजी क्रोमियम मातीच्या कणांना आणि मुळांना इतके घट्ट चिकटतात की दाण्यापर्यंत फारच कमी पोचतात. या दोन्ही गटांत माणसाचे बऱ्यापैकी रक्षण होते. कॅडमियम मात्र या दोन्ही अडसरांतून सुटते. ते जस्ताच्याच वाटेने मुळात शिरते, पानात चढते, आणि खाणाऱ्याला अपायकारक ठरेल इतके साठले तरी पालक तजेलदारच दिसतो. भातातल्या आर्सेनिकचा स्वभाव याच्याशी मिळताजुळता आहे. थोडक्यात, जो धातू पिकाला दुखावतो त्याची खबर शेतकऱ्याला मिळते. जो खाणाऱ्याला दुखावतो त्याची मिळत नाही. हिरवेपणा हा नत्राचा पुरावा आहे. कॅडमियमबद्दल तो काहीच सांगत नाही.

पिकापिकांत फरक मोठा असतो. पालक, मेथी, राजगिरा, सॅलडची पाने यांत कॅडमियम सर्वाधिक साठते, त्यानंतर गाजर, मुळा, बीट, बटाटा ही कंदमुळे, धान्ये मधे, टोमॅटो, भोपळावर्गीय वेली आणि फळझाडांच्या फळांत सर्वांत कमी. सूर्यफुलाचे बी आणि तंबाखूचे पान यांत ते विशेष साठते. शहरांभोवतीच्या पट्ट्यात मात्र नेमक्या पालेभाज्याच घेतल्या जातात, कारण बाजार जवळ असतो आणि तीस-चाळीस दिवसांत पैसा हाती येतो. शहराचा गाळही तिथेच स्वस्तात पोचतो. म्हणजे सर्वांत जास्त शोषणारे पीक आणि सर्वांत संशयास्पद खत एकाच वाफ्यात भेटतात.

कॅडमियम शरीरात गेले की मूत्रपिंडात साठते आणि तिथून निम्मे बाहेर पडायला दहा ते तीस वर्षे लागतात. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठी काय झाले ते याचे जगाला माहीत असलेले उदाहरण. कामिओका इथल्या जस्ताच्या खाणीतून कॅडमियम नदीत आले, नदीच्या पाण्याने भातशेती भिजली, आणि तो भात वर्षानुवर्षे खाल्लेल्यांची मूत्रपिंडे निकामी होत हाडे इतकी ठिसूळ झाली की साध्या हालचालीने मोडू लागली. वेदनेच्या विव्हळण्यावरून या रोगाला ‘इताई-इताई’ नाव पडले. १९६८मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. रोगी प्रामुख्याने अनेक बाळंतपणे झालेल्या, उतारवयाकडे झुकलेल्या स्त्रिया होत्या. तिथे धातू खतातून आला नव्हता, पाण्यातून आला होता, हे खरे. पण मातीत एकदा मिसळल्यावर तो कुठून आला याने भाताला फरक पडत नाही. ती शेते पुन्हा पिकवण्याजोगी करण्यासाठी माती काढून, गाडून, वर नवी माती टाकण्याचे काम १९७९ साली सुरू झाले ते २०१२ साली संपले. आपल्याकडे आणखी एक बाब चिंतेची आहे. शरीरात लोह कमी असले की आतड्यातून कॅडमियम अधिक शोषले जाते, आणि २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. शिशाबाबत तर २०१०मध्ये जागतिक तज्ज्ञ समितीने पूर्वीची ‘चालेल इतकी’ साप्ताहिक मात्रा मागेच घेतली. मुलांच्या मेंदूला अपाय करणार नाही अशी खालची पातळी दाखवता येत नाही, म्हणून.

जाणकार शेतकरी इथे एक रास्त हरकत घेतात: आमची काळी जमीन आहे, सामू आठच्या आसपास, चुनखडी भरपूर, अशा मातीत धातू जखडून राहतात. हे खरे आहे. सामू वाढला की कॅडमियम, जस्त, शिसे, निकेल यांची विद्राव्यता घटते, चिकणमाती आणि सेंद्रिय कर्ब त्यांना धरून ठेवतात. त्याच मापाचा गाळ कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत टाकला तर तिथे धोका कितीतरी अधिक. म्हणून कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याने देशावरच्या अनुभवावर विसंबू नये. पण काळ्या मातीचे संरक्षणही तीन ठिकाणी तोकडे पडते. पहिले म्हणजे आर्सेनिक आणि षट्संयुजी क्रोमियम उलट्या स्वभावाचे आहेत. विम्लधर्मी मातीत ते जास्त मोकळे होतात आणि क्रोमियम तर विहिरीपर्यंत पोचू शकते. दुसरे, आपल्या बागायती पट्ट्यात क्षारता वाढते आहे, आणि पाण्यातले क्लोराइड कॅडमियमशी जोडले जाऊन ते पुन्हा मुळांच्या आवाक्यात येते. तिसरे, आपल्या पुष्कळ जमिनींत जस्ताची कमतरता आहे, आणि जस्त कमी असले की मूळ त्याच वाटेने कॅडमियम अधिक घेते. जखडलेला धातू नाहीसा झालेला नसतो. उद्या सामू खाली आला, पाणी खारवले, पीक बदलले, तर तो सुटतो.

दुसरी हरकत अशी की डीएपी, सुपर फॉस्फेटमध्येही कॅडमियम असतेच, मग गाळालाच का धरायचे? असते, आणि म्हणूनच युरोपने २०२२पासून स्फुरदयुक्त खतांत स्फुरदाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम कॅडमियम अशी मर्यादा लागू केली. पण एका दारातून थोडे येते, म्हणून दुसरे दार सताड उघडावे असे होत नाही. जमीन बेरीज करत असते. डीएपीतून येणार आहेच म्हटल्यावर गाळातून येणाऱ्याला जागा आणखी कमी उरते.

आता प्रत्यक्ष करायचे काय. गाडी येण्याआधी पाच गोष्टी लेखी मागाव्यात: हा माल कोणत्या कारखान्यात, कोणत्या प्रक्रियेतून निघाला, खत नियंत्रण आदेशातल्या कोणत्या प्रकारात तो बसतो, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात त्याची विल्हेवाट शेतीत करायला परवानगी आहे का, याच ढिगाचा, याच महिन्यातला धातूंचा तपासणी अहवाल, आणि एकरी मात्रा किती, किती वर्षांनी. देणारा गाडीभाडे भरतो, वर नांगरटीचे पैसेही द्यायला तयार होतो, तेव्हा तो तुम्हाला माल विकत नसतो, आपला खर्च वाचवत असतो. घातक कचरा तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी यांसारख्या अधिकृत केंद्रांवर न्यायचा तर टनामागे पैसे मोजावे लागतात. शेतात टाकला तर ते वाचतात. अशा कचऱ्याच्या वाहतुकीला २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार मॅनिफेस्ट, म्हणजे कुठून निघाला आणि कुठे पोचला याची नोंद करणारा कागद, सोबत असावा लागतो. गाडी रात्री येत असेल आणि चालकाकडे कागद नसेल, तर पुढची चर्चा करू नये.

अहवाल वाचताना कुठे फसायला होते तेही माहीत असावे. प्रमाण कोरड्या वजनावर दिले आहे की ओल्या, हे आधी पाहावे. सत्तर टक्के पाणी असलेल्या गाळात कोरड्या वजनावर ३० मिलिग्रॅम असलेला धातू ओल्या वजनावर फक्त ९ दिसतो, आणि शेतात पाणी उडून जाऊन राहतात ते तीसच. ‘आढळले नाही’ असे लिहिले असेल तर किती प्रमाणापर्यंत यंत्राला दिसत होते, ते विचारावे. १० मिलिग्रॅमच्या खालचे ज्याला दिसतच नाही, त्या यंत्राने कॅडमियम नाही असे म्हणण्याला अर्थ नाही. गाळाची तपासणी आम्लात पूर्ण विरघळवून एकूण धातूची झालेली असावी; नुसता उपलब्ध अंश मोजलेला असेल तर भविष्यातला साठा कळत नाही. तुलनेसाठी शहरी कंपोस्टच्या मर्यादा लक्षात ठेवाव्यात. किलोमागे मिलिग्रॅममध्ये आर्सेनिक १०, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, शिसे १००, तांबे ३००, जस्त १०००, पारा ०.१५. आणि एक विसरू नये: शेतकऱ्याच्या हाती असलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. कॅडमियम, शिसे, आर्सेनिक, क्रोमियम त्यात नाहीत. ‘पत्रिकेत जमीन चांगली आली’ यावरून धातूंबद्दल काहीही कळत नाही. ही तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते.

नमुना नीट घेतला नाही तर अहवालाला किंमत नाही. ढिगाच्या वरून एक मूठ उचलू नये. वेगवेगळ्या दहा-पंधरा ठिकाणांहून, आतपर्यंत हात घालून थोडा थोडा माल काढावा, प्लास्टिकच्या ताडपत्रीवर एकत्र कालवावा, ढीग करून त्याचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे काढून टाकावेत, आणि असे करत किलोभर उरेपर्यंत यावे. या कामाला पत्र्याचे घमेले किंवा गंजकी खुरपी वापरू नये. पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा नमुन्यात उतरतो आणि जस्ताचा आकडा खोटा येतो. प्लास्टिकचे टोपले आणि लाकडी उलथणे पुरते. उरलेल्या किलोचे दोन भाग करून एक प्रयोगशाळेला द्यावा. दुसरा पिशवीत बांधून, तारीख, गाडीचा क्रमांक आणि देणाऱ्याचे नाव लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन घरी ठेवावा. पुढे वाद झालाच तर हीच पिशवी बोलेल. माल टाकण्याआधीच्या जमिनीचाही नमुना घ्यावा: इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा १५ सेंटिमीटर खोल खड्डा करून त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची माती. हा आधीचा आकडा नसेल, तर नंतर वाढ झाली हे कोणालाच पटवता येत नाही.

तपासणी महाग आहे ही तक्रार खरी आहे, आणि एकट्या अल्पभूधारकावर तिचा भार टाकणे अन्यायाचे आहे. म्हणूनच खर्च देणाऱ्याने करावा, असे मी म्हणतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात क्विन्सी या शेतकरी गावाने हा प्रश्न लावून धरला. घातक कचरा म्हणून कारखान्यात आलेली पोलादभट्टीची धूळ खत म्हणून बाहेर पडते, हे १९९७मध्ये ‘सिएटल टाइम्स’ने उघड केले, आणि पुढच्याच वर्षी त्या राज्याने कायदा करून खत बनवणाऱ्यांना धातूंचे प्रमाण नोंदणीच्या वेळी सांगणे भाग पाडले. प्रमाण मोजण्याचा भार तिथे शेतकऱ्यावर राहिला नाही. आपल्याकडेही जो कारखाना दहा गावांना गाळ देतो, त्याला एका ढिगाची तपासणी जड जाऊ नये. ज्याला ती जड जाते, त्याचा माल घेऊ नये.

आधीच माल टाकून झाला असेल तर घाबरून जमीन पडीक ठेवण्याची गरज नसते. पुढची गाडी थांबवावी आणि माती व पीक दोन्ही तपासून घ्यावे. आकडा वाढलेला निघाला तर त्या तुकड्यात पालेभाज्या, कंदमुळे, सूर्यफूल घेऊ नयेत. कापूस, फुलझाडे, बांबू, फळझाडे यांकडे वळावे. आम्लधर्मी जमिनीत चुना टाकून सामू वाढवावा. धातूमुक्त शेणखत किंवा हिरवळीच्या खताने कर्ब वाढवावा. जस्ताची कमतरता असेल तर ती शुद्ध झिंक सल्फेटने भरून काढावी, म्हणजे मूळ कॅडमियमकडे कमी वळते. म्युरेट ऑफ पोटॅश क्लोराइड घेऊन येते, तेव्हा अशा तुकड्यात सल्फेट ऑफ पोटॅश बरे. भातशेतात आर्सेनिक आणि कॅडमियम उलट वागतात: शेत भरलेले ठेवले की कॅडमियम दबते पण आर्सेनिक सुटते, शेत सुकवले की आर्सेनिक दबते पण कॅडमियम सुटते. म्हणून कोणता धातू आहे हे कळल्याशिवाय पाण्याचे वेळापत्रक बदलू नये. जनावरे त्या तुकड्यात चारू नयेत. चरताना ती गवताबरोबर मातीही खातात. धातू शोषून घेणारी झाडे लावून जमीन साफ करण्याचे सल्ले ऐकायला येतात. ते काम फार सावकाश चालते, आणि कापलेला तो पाला कुठे टाकायचा हा प्रश्न उरतोच. भाजी विकत घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की वाहत्या पाण्यात नीट धुतल्याने पानांवरची धूळ आणि तिच्यातले शिसे निघते. पानाच्या आत गेलेले कॅडमियम धुऊन किंवा शिजवून निघत नाही.

शेवटी हे काम एकट्याने होणारे नाही. एका बांधावर नकार मिळाला की तीच गाडी पुढच्या बांधावर जाते, आणि विहीर व ओढा तर सगळ्यांचाच असतो. म्हणून येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या: गावाच्या शिवारात कोणताही औद्योगिक गाळ, राख किंवा भुकटी उतरवण्याआधी धातूंचा अहवाल ग्रामपंचायतीत जमा करावा, असा ठराव करा आणि त्याची प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना व प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवा. कागदाविना गाडी आली तर तिचा क्रमांक, मालाचा आणि जागेचा फोटो, तारीख आणि वेळ यांसह त्याच दिवशी दोन्ही ठिकाणी लेखी कळवा आणि पोच घ्या.